एंटेरोव्हायरस इतके का बदलतात? पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पावसाळा लागला की पालकांचे फोन सुरू होतात. मुलाच्या तळहातावर पुरळ आलंय, घरात सगळ्यांचे डोळे आलेत, पोलिओचे थेंब पुन्हा का पाजायचे? वर्गात विद्यार्थी विचारतात ते प्रश्न वरवर वेगळे वाटतात, पण मुळाशी तेच असतात. या सगळ्यांमागे विषाणूंचं एकच मोठं कुटुंब आहे. त्या कुटुंबाची बदलण्याची रीत समजली, की बरीच भीती कमी होते आणि जिथे खरंच काळजी घ्यायला हवी तिथे लक्ष जातं. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

एंटेरोव्हायरस म्हणजे पोटाचा विषाणू का?

नाव तसं आहे खरं. हे विषाणू आतड्यात वाढतात, पोटातल्या आम्लाने मरत नाहीत आणि शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. पण त्यांचा मुख्य आजार क्वचितच पोटाचा असतो. पोलिओ मज्जारज्जूवर हल्ला करतो. कॉक्सॅकी बी गटातले काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. इको विषाणूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते. काही विषाणू फक्त डोळ्यांत रमतात. आणि ज्यांना लागण होते त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा दोन दिवस कणकण येऊन जाते.

विषाणू आकाराने अगदी लहान, सुमारे ३० नॅनोमीटरचा. वर प्रथिनांचं कवच आणि आत आरएनएचा, म्हणजे आनुवंशिक माहितीचा, एकच धागा, साधारण ७,५०० अक्षरांचा (अक्षरं म्हणजे ए, यू, जी, सी हे रासायनिक घटक). कवचावर चरबीचं आवरण नसतं. ही बारीकशी वाटणारी गोष्ट पुढे हात धुण्याच्या प्रश्नात महत्त्वाची ठरते.

एकूण किती प्रकार आहेत, आणि नावं इतकी चमत्कारिक का?

माणसांत आढळणारे शंभराहून जास्त. ते ए, बी, सी आणि डी अशा चार प्रजातींत विभागलेले आहेत. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरसही याच वंशातले. त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत.

कॉक्सॅकी हे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावाचं नाव. १९४८ साली तिथल्या पोलिओसदृश रुग्णांच्या नमुन्यांत हा विषाणू सापडला. ‘इको’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आहे आणि त्यात ‘अनाथ’ अशा अर्थाचा शब्द दडलेला आहे, कारण विषाणू सापडला होता पण त्याचा आजार कोणता हे तेव्हा माहीत नव्हतं. नंतर नावं देऊन देऊन लोक थकले आणि क्रमांक द्यायला लागले. एंटेरोव्हायरस डी६८, डी७०, ए७१ ही नावं तशी आली.

नवा प्रकार आहे हे ठरवतात कसं?

पूर्वी प्रतिपिंडांनी. प्रत्येक ज्ञात प्रकाराविरुद्धचा रक्तद्रव घ्यायचा, विषाणूत मिसळायचा आणि कोणत्या रक्तद्रवाने विषाणू निष्प्रभ होतो ते पाहायचं. वेळखाऊ काम, आणि विषाणू थोडा बदललेला असला की उत्तरच मिळायचं नाही.

१९९० च्या दशकाअखेरीस पद्धत बदलली. कवचातल्या व्हीपी१ नावाच्या प्रथिनाचं जनुक वाचतात. ज्ञात प्रकाराशी ते ७५ टक्क्यांहून जास्त जुळलं तर प्रकार तोच, त्यापेक्षा कमी जुळलं तर वेगळा असण्याची दाट शक्यता. आज प्रयोगशाळेत हीच रीत चालते. मात्र एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते: व्हीपी१ वाचून विषाणूचं फक्त कवच ओळखता येतं. आतला उरलेला धागा दुसऱ्याच कोणाचा असू शकतो.

म्हणजे काय? धागा दुसऱ्याचा कसा असेल?

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने नकलून घेत. नकलणाऱ्याच्या हातून एखादं अक्षर चुकायचं, पुढचा ती चूक तशीच उतरवायचा आणि स्वतःची एखादी भर घालायचा. पाठभेद तसे तयार झाले. कोणती पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली, हे अभ्यासक त्या चुकांवरूनच ओळखतात. एंटेरोव्हायरसचं अगदी असंच आहे. त्याच्या धाग्याची नक्कल करणाऱ्या विकराकडे, म्हणजे पॉलिमरेझकडे, चूक तपासायची सोय नाही. सरासरीने प्रत्येक नव्या प्रतीत एखादी चूक राहते. एका पेशीतून काही तासांत हजारो प्रती निघतात. त्यामुळे एका बाळाच्या आतड्यातही एकसारखा विषाणू कधीच नसतो; एकमेकांपासून थोड्या थोड्या वेगळ्या प्रतींचा घोळका असतो.

हा घोळका विषाणूच्या कामाचा असतो. पोलिओचा एक उत्परिवर्तित विषाणू प्रयोगशाळेत सापडला, ज्याचं पॉलिमरेझ कमी चुका करत होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की असा ‘काटेकोर’ विषाणू उंदरांच्या मज्जासंस्थेत नेहमीच्या विषाणूइतका पसरू शकत नाही. वैविध्य काढून घेतलं तर त्याचं बळ कमी होतं.

आता दुसरी गोष्ट. समजा नकलणाऱ्यासमोर दोन पोथ्या उघड्या आहेत. पहिलीतली दहा पानं उतरवून झाली आणि अकराव्या पानापासून त्याची नजर दुसरीवर गेली. तयार झालेल्या प्रतीची सुरुवात एका पोथीची आणि शेवट दुसरीचा. एकाच पेशीत दोन एंटेरोव्हायरस शिरले तर नेमकं हेच घडतं. पॉलिमरेझ नक्कल करता करता एका धाग्यावरून दुसऱ्यावर जातं. याला पुनर्संयोजन म्हणतात. कवचाचा भाग सहसा अखंड राहतो, कारण त्याची प्रथिनं एकमेकांत नेमकी बसावी लागतात. मागचा भाग, जिथे पॉलिमरेझ आणि इतर यंत्रणेची जनुकं आहेत, तो मात्र एकाच प्रजातीतल्या विषाणूंमध्ये सर्रास अदलाबदल होतो. बी प्रजातीत तर ही देवाणघेवाण इतकी चालते, की एखाद्या विषाणूच्या पूर्ण धाग्याची एकच वंशावळ काढणं निरर्थक ठरतं. कवचाची वंशावळ वेगळी आणि पॉलिमरेझची वेगळी.

हे बदल कळतील इतक्या वेगाने होतात का?

हो. पोलिओच्या व्हीपी१ मध्ये वर्षाला साधारण एक टक्का अक्षरं बदलतात. त्यातले बहुतेक बदल मुके असतात, म्हणजे अक्षर बदललं तरी प्रथिन तेच राहतं. पण हा वेग बऱ्यापैकी स्थिर असल्याने त्याचं घड्याळ करता येतं. दोन विषाणूंमध्ये किती फरक आहे हे मोजलं, की ते कधी वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो.

माझ्या मुलाला हात-पाय-तोंडाचा आजार दुसऱ्यांदा झाला. एकदा झाला की पुन्हा होत नाही ना?

तुम्ही गोवराशी तुलना करताय. गोवराचा विषाणू एका अर्थाने एकच आहे. हात-पाय-तोंडाचा आजार मात्र अनेक प्रकारांमुळे होतो: कॉक्सॅकी ए१६, ए६, ए१०, एंटेरोव्हायरस ए७१. एकाविरुद्ध मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी अडवत नाही. त्यामुळे पुन्हा झाला म्हणजे मुलाची ताकद कमी आहे असं मुळीच नाही. त्याला दुसरा विषाणू भेटला, इतकंच.

यातला ए६ पूर्वी दुय्यम मानला जायचा. २००८ मध्ये फिनलंडमध्ये त्याची मोठी साथ आली आणि त्यानंतर तो जगभर पसरला. त्याचं पुरळ तळहात-तळपायांवर थांबत नाही. कोपर, मांड्या, तोंडाभोवती सगळीकडे येतं आणि मोठ्या माणसांनाही होतं. एकदा एक आई माझ्याकडे कागदाची पुडी घेऊन आल्या होत्या. पुडीत मुलाची तीन नखं होती, मुळापासून सुटलेली, पातळ, खालच्या कडेला पांढरी रेघ असलेली. बिचाऱ्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. मुलाला पाच-सहा आठवड्यांपूर्वी पुरळ आलं होतं का, असं विचारल्यावर त्यांना आठवलं. ए६ नंतर असं होऊ शकतं. नख दुखत नाही आणि खालून नवं येतच असतं.

‘टोमॅटो फ्लू’ हा नवा विषाणू होता का?

नाही. २०२२ मध्ये केरळमधून ही बातमी आली, लाल फोडांवरून नाव पडलं आणि ते पसरलं. ज्या मुलांचे नमुने नीट तपासले गेले त्यांत कॉक्सॅकी ए१६ सापडला. तो हात-पाय-तोंडाचाच आजार. फ्लूशी त्याचा काही संबंध नाही, टोमॅटोशी तर नाहीच.

मग ए७१ चं नाव ऐकून डॉक्टर गंभीर का होतात?

कारण तो कधी कधी मेंदूच्या खोडावर जातो. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा वेगळा केला गेला. १९७५ मध्ये बल्गेरियात त्याने ४४ जीव घेतले, १९९७ मध्ये मलेशियातल्या सारावाकमध्ये लहान मुलं दगावली आणि १९९८ मध्ये तैवानमध्ये ७८ मुलांचा मृत्यू झाला. जनुकक्रमावरून पाहिलं तर ए७१ आणि ए१६ यांचा समान पूर्वज फार जुना नाही, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. इतके जवळचे भाऊ, पण एक बहुतेक वेळा पुरळ देऊन जातो आणि दुसरा क्वचित का होईना जीव घेतो.

ए७१ च्याही पोटशाखा आहेत. पूर्व आणि आग्नेय आशियात बी आणि सी या शाखा फिरतात. भारतात त्यांच्याखेरीज डी आणि जी अशा वेगळ्या शाखाही सापडल्या आहेत. चीनने तिकडच्या सी४ या पोटशाखेवर लस तयार केली आणि २०१५ च्या अखेरीस तिला परवानगी मिळाली. ती फक्त ए७१ वर चालते, ए१६ किंवा ए६ वर नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाही.

घरी लक्ष ठेवा ते यावर: मूल झोपेत सारखं दचकतंय, चालताना तोल जातोय, थांबत नाहीत अशा उलट्या होताहेत, ताप तीन दिवसांनंतरही उतरत नाही, किंवा मूल मलूल होऊन पडलंय. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या घरी सगळ्यांचे डोळे आले. तोही एंटेरोव्हायरस?

बहुधा हो. त्या जुलैत आळंदीत हजारो लोकांना डोळ्यांची लागण झाली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने घेतलेल्या नमुन्यांत एंटेरोव्हायरस सापडला. देशभर पसरलेल्या त्या साथीत कॉक्सॅकी ए२४ चा डोळ्यांत वाढणारा उपप्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला.

याची कहाणी उत्क्रांती शिकवायला फार चांगली आहे. १९६९ मध्ये घानाची राजधानी अक्रा इथे डोळे लालभडक करणारी साथ उसळली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून तिकडे तिला ‘अपोलो ११’ म्हणत. तो एंटेरोव्हायरस डी७०. जगभरातल्या नमुन्यांचा हिशेब मागे नेला तर त्याचा समान पूर्वज १९६७ च्या आसपासचा निघतो, म्हणजे साथीच्या जेमतेम दोन वर्षं आधीचा. १९७० मध्ये सिंगापूरमध्ये अगदी तशीच दुसरी साथ आली, पण विषाणू वेगळा, ए२४ चा उपप्रकार. म्हणजे वेगवेगळ्या प्रजातींतले दोन विषाणू जवळपास एकाच वेळी डोळ्यांकडे वळले. दोघांनाही पेशींवरच्या सियालिक आम्लाला धरण्याची हातोटी साधली आहे. १९७१ मध्ये ही साथ भारतात पोचली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाचे ते दिवस होते. निर्वासितांचे लोंढे येत होते आणि कोलकात्यात लोकांनी या आजाराला ‘जय बांगला’ असंच नाव दिलं.

डोळे आले असतील तर स्टेरॉइडचे थेंब मनाने आणून घालू नका. वेगळा टॉवेल, वेगळी उशी, आणि डोळ्याला हात लागला की साबण.

सॅनिटायझर पुरेसा नाही का?

पुरेसा नाही. अल्कोहोल चरबीचं आवरण फोडतं आणि एंटेरोव्हायरसला ते आवरणच नाही. साबण आणि वाहतं पाणी त्याला हातावरून धुऊन काढतात. डायपर बदलल्यावर सॅनिटायझरवर विसंबू नका.

अँटिबायोटिक दिलं तर लवकर बरं होईल?

नाही. विषाणूवर ते चालत नाही.

हे विषाणू प्राण्यांकडून येतात का?

आपल्याला त्रास देणारे प्रकार माणसांतच फिरतात. उलट दिशेचं एक उदाहरण मात्र पक्कं आहे. माणसांतला कॉक्सॅकी बी५ विसाव्या शतकाच्या मध्यास डुकरांत गेला आणि तिथे वेगळा आजार होऊन बसला. १९६६ मध्ये तो इटलीत डुकरांमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. डुकरांना आजार आपण दिला.

पोलिओचा विषाणू कुठून आला?

तो सी प्रजातीतला आहे. कॉक्सॅकी ए११, ए१३, ए१७, ए२० हे त्याचे सख्खे नातेवाईक. कवच सोडून उरलेला धागा पाहिला तर पोलिओ आणि हे विषाणू वेगळे ओळखणं कठीण जातं. फरक आहे तो किल्लीचा. ते पेशीत शिरायला पेशीवरचा आयकॅम-१ हा ग्राहक, म्हणजे विषाणू जिथे चिकटतो ते प्रथिन, वापरतात; पोलिओ सीडी१५५ वापरतो. कवच बदलून सीडी१५५ ला धरायला शिकलेला कॉक्सॅकी विषाणू म्हणजेच पोलिओ, असं मानायला सबळ पुरावे आहेत. सीडी१५५ मज्जारज्जूतल्या चेतापेशींवरही असतो. लुळेपणाचं मूळ तिथे आहे.

लसीतूनच पोलिओ होतो म्हणतात. खरं आहे का? खरं सांगा.

खरंच सांगते, कारण अर्धवट उत्तरांनी लसीचं जितकं नुकसान झालं तितकं खऱ्या उत्तराने कधीच होणार नाही.

पोलिओविषाणूचे तीन प्रकार आहेत: पहिला, दुसरा आणि तिसरा. तोंडावाटे देतात त्या सेबिन लसीत जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. हा दुबळेपणा मोजक्या अक्षरांवर टिकलेला आहे. तिसऱ्या प्रकारच्या लसविषाणूत धाग्याच्या सुरुवातीला ४७२ व्या जागी ‘सी’ च्या ऐवजी ‘यू’ आहे. लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यात हे अक्षर दोन-तीन दिवसांतच परत ‘सी’ होऊ लागतं. पहिल्या प्रकारात ४८० वी जागा आणि दुसऱ्यात ४८१ वी जागा अशीच नाजूक. बाळाला बहुतेक वेळा काही होत नाही, कारण तोवर प्रतिकारशक्ती तयार होत असते. लसीमुळे थेट लुळेपणा येण्याचं प्रमाण सुमारे २७ लाख डोसांमागे एक इतकं कमी आहे. कमी आहे, शून्य नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लसविषाणू शौचावाटे बाहेर पडतो. वस्तीतल्या बहुतेक मुलांनी लस घेतलेली असेल तर तो दोन-चार घरांत फिरून संपतो. पण लस न घेतलेली मुलं जास्त असतील तर त्याला एकामागून एक मूल मिळत जातं. प्रत्येक मुलात नव्या चुका होतात, वाटेत एखाद्या कॉक्सॅकीशी गाठ पडते, मागचा अर्धा धागा बदलतो, आणि वर्षभराने तो रानटी, म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूसारखा वागायला लागतो. हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात, २०००-०१ मध्ये पहिल्या प्रकारच्या लसविषाणूपासून अशीच साथ आली. तिथला विषाणू सी प्रजातीतल्या इतर विषाणूंशी पुनर्संयोजित झालेला होता. मादागास्करमध्येही तेच दिसलं.

म्हणून प्रयोगशाळेत व्हीपी१ च्या सुमारे ९०० अक्षरांपैकी किती बदलली ते मोजतात. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात दहा किंवा जास्त, दुसऱ्यात सहा किंवा जास्त अक्षरं बदललेली दिसली की तो ‘लसजन्य पोलिओविषाणू’ ठरतो. दहा अक्षरं म्हणजे साधारण एक वर्ष. तेवढा काळ तो कुठेतरी नजरेआड फिरत होता, असा त्याचा अर्थ.

मग जिवंत लस बंद का करत नाही?

दुसऱ्या प्रकारापुरती केली. तो रानटी प्रकार जगात शेवटचा सापडला तो आपल्याकडे, अलिगढमध्ये, १९९९ साली. तो गेल्यावर लसीतला दुसरा प्रकार नुसताच धोका उरला होता, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर तो लसीतून काढला. तरीही ज्या देशांत लसीकरण कमी होतं तिथे मागे राहिलेला दुसऱ्या प्रकारचा लसविषाणू फिरत राहिला. त्यासाठी नवी लस बनवली, एनओपीव्ही२. तिच्यात धाग्याचा तो नाजूक भाग अशा तऱ्हेने बांधला आहे की एका अक्षराच्या चुकीने तो सुटत नाही. शिवाय पॉलिमरेझ कमी चुका करणारं आणि कमी अदलाबदल करणारं आहे. विषाणूची उत्क्रांती समजून घेऊन तिलाच वेसण घातलेली ही लस आहे. मार्च २०२१ पासून ती वापरात आली. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

गटाराच्या पाण्यातून पोलिओ कसा शोधतात?

मुंबईत हे काम २००१ पासून चालतं. परळच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने ते सुरू केलं. दाट वस्त्यांच्या सांडपाण्याचे ठरलेल्या ठिकाणचे नमुने घ्यायचे, त्यातला विषाणू दाट करायचा आणि पेशींवर सोडायचा. दोन तऱ्हेच्या पेशी वापरतात: आरडी पेशींवर बरेच एंटेरोव्हायरस वाढतात, एल२०बी या उंदराच्या पेशी, पण त्यांच्यावर माणसाचा सीडी१५५ बसवलेला, म्हणून त्यांवर मुख्यतः पोलिओ वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी आरडी पेशी बाटलीच्या तळाला चिकटून लांबट पसरलेल्या दिसतात. विषाणू लागला की त्या एकेक करून आखडतात, गोल होतात, चमकायला लागतात आणि तळ सोडून तरंगतात. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे, तरी त्या पहिल्या गोल झालेल्या पेशीपाशी अजूनही श्वास रोखला जातो.

रानटी पोलिओ असताना मुंबईच्या सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूंचा जनुकक्रम उत्तर प्रदेश-बिहारमधल्या विषाणूंशी जुळायचा. शहरात लुळं पडलेलं मूल नसतानाही विषाणू येऊन गेल्याचं कळायचं. २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात दुसऱ्या प्रकारचा लसजन्य विषाणू सापडला. कोणी रुग्ण नव्हता, तरी तीन लाखांच्या आसपास मुलांना तातडीने इंजेक्शनची लस दिली गेली. २०२२ मध्ये लंडन, न्यूयॉर्कचा परिसर आणि जेरुसलेम इथल्या विषाणूंचे जनुकक्रम एकमेकांशी जुळले.

भारत पोलिओमुक्त झाला, तरी थेंब का?

शेवटचा रानटी रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात, प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात रानटी पहिला प्रकार अजून आहे आणि विषाणू प्रवाशाबरोबर येतो. थेंब आतड्यात प्रतिकारशक्ती देतात, इंजेक्शन रक्तात. म्हणून आपल्याकडे दोन्ही देतात. इंजेक्शनचा तिसरा डोस २०२३ पासून नवव्या महिन्यात आला आहे. तो चुकवू नका.

मुलाचा पाय अचानक लुळा पडला. डॉक्टर शौचाचा नमुना मागताहेत, तोही दोनदा. कशासाठी?

पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला, तर कारण काहीही वाटत असलं तरी पोलिओ नाही ना हे पाहावंच लागतं. विषाणू रोज सारखा बाहेर पडत नाही, म्हणून किमान २४ तासांच्या अंतराने दोन नमुने. पहिल्या १४ दिवसांत द्यायचे, कारण नंतर विषाणू सापडण्याची शक्यता घटते. अंगठ्याच्या पेराएवढं शौच पुरतं. डबी कोरडी, स्वच्छ, झाकण घट्ट असावं. ती बर्फाच्या पेटीतून जाते, कारण वाटेत गरम झाली तर विषाणू मरतो आणि नमुना कोरा येतो. पालकांना कधी संकोच वाटतो, कधी वाटतं की पोराचा पाय आधी बघा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, पायाचे उपचार त्यासाठी थांबत नाहीत. आरोग्यसेविका दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात आल्या तर त्यांना दुसरी डबीही भरून द्या.